मार्युन ‘स्वच्छ’ म्हणाली

फेरो बेटांच्या नकाशावर माशी बसली तर तिच्या एका पायाखाली अख्खं स्कार्वोय झाकलं जातं. माणसं नऊ, मेंढ्या चारशे, चर्च एक आणि हेलिकॉप्टर उतरवून घेणारी बाई एक. ती बाई म्हणजे मार्युन. गेली सव्वीस वर्षं दर रविवारी, बुधवारी आणि शुक्रवारी ती केशरी जाकीट चढवून, कानांवर जाडजूड झाकणं लावून आग विझवायच्या, चाकांवरच्या लाल बंबाशेजारी उभी राहत आली होती. येणाऱ्याला उतरवायचं, जाणाऱ्याला काट्यावर उभं करून वजन लिहायचं, टपालाची पिशवी आणि पावाचे खोके ताब्यात घ्यायचे, आणि यंत्र आभाळात दिसेनासं होईपर्यंत बंबाजवळून हलायचं नाही. हा शेवटचा नियम सगळ्यांत कडक. बंब चालवायला शिकलेला माणूस तिथे उभा नसेल तर हेलिकॉप्टर उतरतच नाही, मग खाली कोणी मरत का असेना.

बोटीचा पर्याय म्हणाल तर तो होता आणि नव्हता. धक्क्याच्या पायऱ्या फेब्रुवारीच्या वादळाने उचलून नेल्या होत्या, आणि त्या पुन्हा बांधायचा कागद राजधानीत, म्हणजे हाव्नला, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत होता. पायऱ्या नसल्या की तिथे नुसता खडक आणि त्यावर आपटणारं पाणी. शेजारच्या बेटावरच्या नावाड्याला मार्युनने विनवून पाहिलं होतं. तो म्हणाला, ‘‘तुझी हाडं गोळा करायला मला येता येईल, तुला घ्यायला नाही.’’

मार्युनचं आणखी एक काम होतं, आणि खरं महत्त्वाचं तेच. हेलिकॉप्टर निघण्याआधी वैमानिकाचा फोन येई आणि ती खिडकीतून, मग दारातून, मग चक्क कुंपणापर्यंत चालत जाऊन हवा कशी आहे ते सांगे. खांबावर हवामानाचं यंत्रही बसवलेलं होतं, पण खाऱ्या वाऱ्याने त्याची वाचा बसली होती. वैमानिकांचा भरवसा मार्युनवर. ‘टेकडीची मान दिसतेय, सध्या तरी.’ ‘वारा पडलाय, सध्या तरी.’ या दोन शब्दांशिवाय तिचं वाक्य पुरंच होत नसे. या बेटांवर हवेबद्दल छातीठोक बोलणाऱ्याला लोक एक तर परका समजतात नाही तर मूर्ख, पण मार्युनने त्याचीही हद्द केली होती. तब्येत कशी आहे विचारलं तर ‘सध्या तरी बरी’. संसार कसा चाललाय विचारलं तर ‘सध्या तरी चाललाय’. लग्नाच्या वेळी पाद्रीबाबांनी हानुसचा स्वीकार करतेस का म्हणून विचारलं, तेव्हाही ती हेच म्हणाली होती असं सगळं बेट शपथेवर सांगतं. ती स्वतः म्हणते, मी फक्त ‘हो’ म्हणाले, थोडं थांबून म्हणाले इतकंच.

तर हा हानुस, चौतीस वर्षांच्या संसारातला तिचा नवरा, बारा दिवसांपूर्वी मेंढ्यांच्या गोठ्यात कोसळला. शुक्रवारची सकाळ होती. मार्युनने फोन केला आणि बाविसाव्या मिनिटाला हेलिकॉप्टर डोक्यावर आलं. प्रवासी वाहणारं तेच आणि जीव वाचवणारंही तेच, फक्त मागच्या खुर्च्या काढून स्ट्रेचर टाकलेलं. बेटावर बंबाचं शिक्षण घेतलेली माणसं दोनच, मार्युन आणि शेजारचा म्हातारा दानियल. आणि दानियल त्या वेळी डोंगरापलीकडे कोकरं मोजत होता. मग काय करणार? नवऱ्याला चौघांनी उचलून आणलं आणि बायको वीस पावलांवर बंबाचा दांडा धरून उभी राहिली. हानुसच्या एका पायात मोजा नव्हता. ते तिला दिसलं, पण पुढे जाऊन पाय झाकता आला नाही. यंत्र उडालं, लहान झालं, दिसेनासं झालं, आणि मग तिने दांडा सोडला. टपालाची पिशवी रवाना करावी तसा तिने स्वतःचा नवरा रवाना केला होता, आणि याचा राग तिला त्या दिवसापासून रोज नव्याने येत होता.

पुढच्या फेरीने जाऊ, असं ती म्हणाली. पुढच्या रविवारी धुकं. बुधवारी वारा असा की दाराची कडी वाजायची थांबेना. शुक्रवारी आभाळ मोकळं होतं, पण यंत्राचा कसलासा भाग बिघडला आणि नवा परदेशातून यायचा होता. त्यानंतरच्या रविवारी पुन्हा धुकं. चार वेळा तिने पिशवी भरली आणि चार वेळा रिकामी केली. पिशवीत हानुसच्या मोज्यांचा नवा जोड, दाढीचं सामान आणि वाऱ्यावर वाळवलेल्या मेंढीच्या मांसाचा एक मोठा तुकडा, फडक्यात गुंडाळलेला. इस्पितळात तो चालणार नाही हे तिला ठाऊक होतं. म्हणूनच तो मोज्यांच्या खाली होता.

फोन होता, रोज बोलणं होई, नाही असं नाही. पण हानुसच्या मते फोन म्हणजे खाडीपलीकडच्या माणसाला हाक मारायचं साधन. तो ओरडून बोले, मेंढ्यांचं विचारी आणि ठेवून देई. अकरा दिवस नवराबायको फक्त मेंढ्यांबद्दल बोलली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हृदयाची शस्त्रक्रिया कोपनहेगनला होईल, गुरुवारी सकाळच्या विमानाने नेऊ. पेशंट पासष्टीचा आहे, धोका आहे, पण न करण्यात जास्त आहे. मुलगा ग्रीनलंडकडे मासेमारीच्या जहाजावर, महिनाभर तरी परतणार नव्हता. आणि मंगळवारी संध्याकाळी काळ्या मेंढीच्या जुळ्यांची चौकशी करून झाल्यावर हानुसने फोन ठेवला नाही. न ओरडता म्हणाला, ‘‘उद्या येशील ना?’’

चौतीस वर्षांत त्याने असं काही विचारलं नव्हतं. बुधवार हा एकच दिवस उरला होता.

बुधवारी सकाळी ती सहाला उठली आणि दार उघडलं, तर समोर काही नाही. कुंपण नाही, चर्च नाही, दानियलचं घर नाही. दानियलचं घर तीस पावलांवर आहे. डोंगरमाथ्यावर टोपीसारखं बसणारं धुकं वेगळं, ते परवडतं, त्याच्या खालून यंत्र शिरू शकतं. हे समुद्रावरून सरपटत आलेलं होतं, उंबऱ्याला टेकलेलं. मार्युनच्या डोक्यात तिडीक गेली. ती दारात उभी राहून धुक्याला जे काही बोलली ते पाद्रीबाबांच्या कानावर जाऊ नये.

सात वाजता दानियल चाचपडत आला. वय चौऱ्याहत्तर, कानाने अर्धा बहिरा, त्यामुळे फोनच्या कामाला निरुपयोगी, पण बंबाशी उभं राहायला पक्का. आज मार्युन स्वतः जाणार म्हणून तिच्या जागी तो उभा राहणार होता, आणि या मोठेपणाने त्याने दाढीबिढी केली होती.

‘‘येत नाही आज ते,’’ दानियलने कॉफीचा कप ओढत जाहीर केलं.

‘‘तुला कोणी विचारलं?’’

‘‘माझं घर मलाच सापडेना. परत जाताना दोरी बांधून दे मला.’’

‘‘कॉफी पी आणि गप्प बस.’’

‘‘काय?’’

‘‘गप्प बस म्हटलं!’’

आठला फोन वाजला. पलीकडे बार्दुर. एकोणीस वर्षं स्कार्वोयला येणारा वैमानिक. हानुसला नेणाराही तोच होता.

‘‘सुप्रभात, मार्युन. इथे हाव्नला ऊन पडलंय. तुझ्याकडे काय दिसतंय?’’

आता इथे तिने जे केलं ते आदल्या रात्री ठरवून केलं नव्हतं, कॉफी ओतताना ठरवलं होतं. तिचा हिशेब असा, की यंत्र एकदा निघालं की वीस मिनिटांत येतं, आणि वीस मिनिटांत धुकं हललं तर हललं. न हललं तर बार्दुर परत जाईल, त्यात काय मोठंसं? निघालाच नाही तर मात्र सगळंच संपलं. खिडकीबाहेर पांढऱ्या भिंतीकडे बघत ती म्हणाली, ‘‘स्वच्छ आहे.’’

पलीकडे काहीच आवाज नाही.

‘‘ऐकू आलं का? स्वच्छ आहे. लख्ख! बेटाचं पार टोक दिसतंय.’’

‘‘मार्युन,’’ बार्दुर सावकाश म्हणाला, ‘‘पुन्हा एकदा सांग बघू.’’

‘‘तूही दानियलसारखा बहिरा झालास का? लख्ख आहे. एक ढग नाही. ये!’’

‘‘मी येत नाही.’’

‘‘का?’’

‘‘गेल्या जुलैतला तो शनिवार आठवतो? लग्नाची माणसं आणायला मी जादा फेरी केली होती. ऊन असं, की तुमच्या मेंढ्या भिंतीच्या सावलीला उभ्या होत्या. तेव्हा मी विचारलं, कसं आहे? तू काय म्हणालीस? ‘दिसतंय, सध्या तरी.’ एकोणीस वर्षांत तू मला एकदाही स्वच्छ म्हणालेली नाहीस. आणि आज लख्ख? चर्च तरी दिसतंय का तुला?’’

मार्युनचा चेहरा तापला. पकडलं गेल्यावर माणसाने वरमावं अशी पद्धत आहे, पण ती वरमली नाही, भडकली. ‘‘नाही दिसत! कुंपणही नाही दिसत! मग? वेळेवर येतोस कधी तू? धुकं आहे, नाही. वारा आहे, नाही. स्क्रू पडला, नाही. सव्वीस वर्षं मी तुमच्या त्या फडफड्या यंत्रापुढे बंब धरून उभी आहे, पावसात, गारांत. एकदा, फक्त एकदा मला कुठे जायचंय तर तुम्हाला सगळी कारणं सुचतात!’’

बार्दुरने तिला बोलू दिलं. हा त्याचा चांगुलपणाही तिला त्या घडीला सहन होत नव्हता. ती थांबली तेव्हा तो म्हणाला, ‘‘माझ्या मागे चार माणसं बसणार होती. त्यात एक बाई तान्हं मूल घेऊन आहे. वाटेत दोन ठिकाणी उतरायचं होतं. त्यांना घेऊन मी तुझ्या शब्दावर आलो असतो.’’

तिला लाज वाटली, खरीखुरी वाटली, आणि लाज वाटल्यामुळे राग दुप्पट झाला.

‘‘दुपारी पुन्हा विचारतो,’’ बार्दुर म्हणाला. ‘‘तुझ्यासाठी शेवटची फेरी राखून ठेवतो. पण नीट सांग. नेहमी सांगतेस तसं.’’

फोन ठेवल्यावर दानियलने विचारलं, ‘‘काय म्हणाला?’’

‘‘मी खोटं बोलले ते त्याला कळलं.’’

‘‘काय?’’

‘‘खोटं बोलले मी! कळलं त्याला!’’ ती त्याच्या कानाशी ओरडली. आता उरलेल्या सहा जणांनाही कळलं असणार.

दानियलने विचार केला. ‘‘सवय नाही ना तुला,’’ तो समजुतीने म्हणाला. ‘‘अशा गोष्टी लहानपणापासून केल्या तर जमतात.’’

त्यानंतरचे सहा तास कसे गेले ते मार्युनलाच माहीत. विणायला घेतलं तर टाके चुकले. भांडी घासायला घेतली तर ती आधीच घासलेली निघाली. दर दहा मिनिटांनी ती दारात जाई आणि धुकं तिथेच असे. दुपारी रेडिओवर हवामान सांगणाऱ्या बाईने अतिशय गोड आवाजात ‘स्थानिक स्वरूपाचं धुकं’ असं म्हटलं. स्थानिक म्हणजे आपल्याच घरापुढे, अख्ख्या देशात दुसरीकडे कुठे नाही, हे मार्युनला बरोबर कळलं.

दोनच्या सुमारास मात्र कुंपणाचा पहिला खांब दिसला. मग दुसरा. मग चर्चचं गवताचं छप्पर वर आलं. ती कुंपणापर्यंत धावली आणि तिथूनच फोन लावला.

‘‘टेकडीची मान दिसतेय,’’ ती धापा टाकत म्हणाली. ‘‘माथ्यावर टोपी आहे. समुद्र टोकापर्यंत मोकळा आहे.’’ आणि मग जणू दातांतून काढून द्यावं तसं, ‘‘सध्या तरी.’’

‘‘निघालो,’’ बार्दुर म्हणाला.

मार्युनने स्वतःला काट्यावर उभं केलं, स्वतःचं वजन वहीत लिहिलं, त्यातून एक किलो कमी केला आणि मग खोडून खरा आकडा लिहिला. आज खोटं पुरे झालं होतं. तिचं केशरी जाकीट दानियलला पाठीत बसेना. त्याने ते हिसका देऊन बसवलं, तेव्हा शिवण टर्रकन उसवली. बंबाचा दांडा त्याने बंदुकीसारखा धरला.

‘‘तू जा बिनघोर,’’ तो म्हणाला. ‘‘हानुसला सांग, त्याचा तो शिंगमोड्या एडका कालपासून माझ्याच गवतात आहे.’’

‘‘त्याला सांगण्यासारखं एवढंच आहे का तुझ्याकडे?’’

‘‘त्याला बरं वाटेल.’’

आवाज आला. मग दक्षिणेकडच्या उजेडात ठिपका आला आणि ठिपक्याचं यंत्र झालं. मार्युनने पिशवी उचलली. इतक्या वर्षांत प्रथमच ती बंबाच्या बाजूला नाही, तर जाणाऱ्यांच्या बाजूला उभी होती. यंत्र इतकं जवळ आलं, की बार्दुरचं शिरस्त्राण दिसलं. हवा गवताला झोपवू लागली. आणि मग यंत्राने नाक वळवलं. सरळ पश्चिमेकडे, समुद्रावर.

तिच्या खिशातला वायरलेस खरखरला. ‘‘मार्युन, हाक आली आहे. मासेमारीचं जहाज, चाळीस मैलांवर. एकाचा हात दोरखंडाच्या यंत्रात गेलाय, रक्त थांबत नाही. माणसं पोचवून झाली आहेत, मागच्या खुर्च्या वाटेतच दुमडून जागा करतो. आम्हीच सगळ्यांत जवळ आहोत.’’

‘‘आजचाच दिवस सापडला त्याला हात घालायला?’’ मार्युन म्हणाली. ती हे बोलली, आणि बोलताक्षणी आपला मुलगाही असल्याच जहाजावर आहे हे तिच्या अंगावर आलं. ती वायरलेस तोंडाशी धरून ओरडली, ‘‘जा! बघतोस काय, जा लवकर!’’

‘‘परत येताना जमलं तर...’’ बार्दुर म्हणाला, आणि पुढचं आवाजात बुडालं.

तिची सगळ्यांत मोठी पंचाईत हीच होती, की रागवायला माणूसच मिळत नव्हता. धुक्यावर किती वेळ रागवणार? बार्दुरचं बरोबर होतं. त्या खलाशाचा तर हातच यंत्रात अडकलेला. नियम कोणी केले ते ठाऊक नव्हतं, आणि ते बरोबरही होते, हे तिच्याइतकं कोणाला माहीत? चूक कोणाचीच नव्हती, आणि तिचा नवरा उद्या सकाळी एकटा जाणार होता. तिने पिशवी जमिनीवर आपटली.

दानियल अजून दांडा धरून उभा होता. त्याने वायरलेस ऐकला नव्हता. ‘‘फेरी मारून येतोय का?’’ त्याने विचारलं.

चार वाजले, पाच वाजले. ऊन आता असं पडलं होतं, की गवताचं एकेक पातं वेगळं दिसावं. साडेपाचला फोन वाजला. बार्दुर नव्हता, कचेरीतला नवा कारकून होता, फार सभ्य.

‘‘जहाजावरच्या इसमाला इस्पितळात पोचवलं आहे. तो वाचेल. मात्र वैमानिकांचे कामाचे तास पूर्ण झाल्याने आजची फेरी रद्द करण्यात येत आहे. आपल्या गैरसोयीबद्दल...’’

‘‘दुसरे वैमानिक आहेत ना?’’

‘‘ते तातडीच्या सेवेसाठी राखीव आहेत.’’

‘‘हे तातडीचं नाही?’’

‘‘आपण आजारी आहात का?’’

‘‘नाही.’’

‘‘मग नाही,’’ कारकून म्हणाला. ‘‘आपली जागा शुक्रवारच्या फेरीत पक्की केली आहे.’’

‘‘शुक्रवारी माझा नवरा कोपनहेगनला छाती उघडून पडलेला असेल. मी हाव्नला येऊन करू काय?’’

कारकुनाने कागद चाळल्याचा आवाज आला. ‘‘मग शुक्रवारची जागा रद्द करू का?’’

मार्युनने फोन ठेवला नाही, आपटला. दानियलने काही न विचारता जाकीट काढलं, उसवलेली बाजू आत करून घडी घातली आणि आपल्या घराकडे गेला. घर आता स्पष्ट दिसत होतं.

सात वाजता तिने हानुसला फोन लावला. त्याआधी तिने तोंड धुतलं आणि दोन वेळा खाकरून आवाज तपासला. त्याला धीर द्यायचा, रडायचं नाही, हे तिने पक्कं केलं होतं.

‘‘निघालीस का?’’ हानुस ओरडला.

‘‘नाही. जहाजावर एकाचा हात अडकला, तिकडे गेलं यंत्र. मग त्यांचे तास संपले.’’

‘‘अच्छा. हात राहिला का त्याचा?’’

‘‘माहीत नाही. वाचला म्हणतात.’’

‘‘बरं झालं. काळीची जुळी दूध पितात का दोन्ही?’’

‘‘पितात.’’

त्याचा श्वास तिला ऐकू येत होता. एवढा मोठा आडदांड माणूस, कड्यावरून दोराने उतरून पक्षी धरणारा, तो घाबरला आहे हे तिला त्या श्वासातून कळलं. चौतीस वर्षांत दिला नव्हता तेवढा धीर एकदम द्यावा असं तिला वाटलं.

‘‘हानुस, ऐक,’’ ती म्हणाली. ‘‘सगळं नीट होणार आहे. शंभर टक्के. तू अगदी ठणठणीत होऊन घरी येणार. मला काही म्हणजे काही शंका नाही.’’

पलीकडे खाट करकरली.

‘‘मार्युन,’’ हानुस अगदी हळू म्हणाला.

‘‘काय?’’

‘‘तुला डॉक्टरचा फोन आला होता का?’’

‘‘नाही. का?’’

‘‘खरं सांग. काय म्हणाला तो? तू अशी का बोलतेस?’’ त्याचा आवाज कापत होता. ‘‘मी मरणार आहे का?’’

मार्युनने फोनकडे पाहिलं. सकाळपासूनचा सगळा दिवस, तो कारकून, तो खलाशी, ते धुकं, तो बार्दुर, सगळं तिच्या तळपायापासून मस्तकापर्यंत गेलं.

‘‘अरे मला काय माहीत!’’ ती किंचाळली. ‘‘मी देव आहे का? वाचशील, नाही वाचशील, मला कोण सांगणार? जरा गोड बोलायला गेले तर तेही नाही चालत तुम्हा कोणाला! सकाळी बार्दुरला खोटं बोलले, त्याने पकडलं. आता तुला बोलले, तर तू लगेच मरायला निघालास! मर मग! आणि तुझा तो शिंगमोड्या एडका दानियलच्या गवतात आहे, तो मी आणणार नाही, येऊन तूच आण!’’

आणि मग ती रडली. भोकाड पसरून, नाक पुसायचं भान न ठेवता.

पलीकडे आधी घरघर आली. तिला वाटलं, झालं, गेला. मग तिच्या लक्षात आलं, की तो हसतोय. हसता हसता त्याला खोकला आला, कोणी तरी त्याला दटावलं, त्याने त्या कोणाला तरी म्हटलं, ‘‘माझी बायको आहे, थांब जरा.’’

‘‘हसतोस काय?’’ ती नाक ओढत म्हणाली.

‘‘घाबरवलंस मला,’’ हानुस म्हणाला. आवाज आता त्याचा नेहमीचा होता, खाडीपलीकडे जाणारा. ‘‘बार्दुरला काय खोटं बोललीस?’’

‘‘स्वच्छ आहे म्हणाले.’’

‘‘स्वच्छ? तू?’’

‘‘लख्ख म्हणाले.’’

‘‘अरे देवा!’’ तो पुन्हा खोकला. ‘‘मग?’’

ती वजनाच्या काट्याच्या पाट्यावर बसली आणि सांगू लागली. बार्दुर, दानियलची दाढी, उसवलेलं जाकीट, शुक्रवारची जागा रद्द करू का विचारणारा तो शहाणा. प्रत्येकाला तिने वेगळी शिवी दिली, आणि हानुसने प्रत्येक वेळी ‘मग?’ म्हटलं. त्याने मेंढ्यांचं नाव काढलं नाही आणि फोनही ठेवला नाही. शेवटी तासाभराने नर्सने येऊन तो त्याच्या हातातून काढून घेतला.